ऑटोमॅटिक गाडीचे ‘लाइफटाइम’ ऑइल घरी बदलता येते का? पाना उचलण्याआधी गिअरबॉक्स ओळखा

इंजिन ऑइल कधी बदलायचे, हे बहुतेक गाडीमालकांना पाठ असते. सर्व्हिसिंगच्या बिलात ते दरवर्षी दिसते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या ऑइलचे तसे नाही. पाच-सहा वर्षे गाडी सुरळीत चालते, वॉरंटी संपते आणि एक दिवस सिग्नलला ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर थबकते, मग झटका देऊन पुढे सरकते. चौकशी केली तर एके ठिकाणी ‘हे ऑइल लाइफटाइम असते, हात लावू नका’ असे सांगतात, दुसऱ्या ठिकाणी ‘आजच फ्लश करून घ्या’ म्हणत अंदाजपत्रक हातात ठेवतात. मग माणूस यूट्यूब उघडतो. तिथे अमेरिकेतला कुणी आपल्या गॅरेजमध्ये वीस मिनिटांत बोल्ट काढून, ऑइल बदलून, हात पुसून मोकळा झालेला असतो.

ते काम आपल्याला घरी जमेल का? काही गाड्यांमध्ये नक्की जमेल. काहींमध्ये प्रयत्नही करू नये. मजुरीचे दोन-चार हजार वाचवायला जाऊन गिअरबॉक्स बिघडला, तर दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा लाखाच्या घरात जातो.

तुमची ऑटोमॅटिक नेमकी कोणती?

भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. ऑइल बदलताना होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इथेच आहे.

पहिला प्रकार एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमधून हा प्रकार आपल्याकडे रुळला. मारुती त्याला एजीएस म्हणते. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे, ही कामे तुमच्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर करतो. त्यामुळे त्यात मॅन्युअल गाडीसारखे गिअर ऑइल असते. काही एएमटीमध्ये ॲक्च्युएटरसाठी वेगळे हायड्रॉलिक ऑइल असते, त्याची टाकीही वेगळी. दुकानात जाऊन ‘ऑटोमॅटिक गाडीचे ऑइल द्या’ म्हटले की दुकानदार लाल एटीएफचा डबा पुढे करतो. एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये ते ओतणे चूक आहे.

दुसरा सीव्हीटी. होंडा सिटी, निस्सान मॅग्नाइट, रेनो कायगर यांच्या सीव्हीटी आवृत्त्यांमध्ये गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा पोलादी पट्टा, एवढ्यावर सगळा खेळ. पट्टा पुलीवर घसरू नये, याची जबाबदारी दाबाखालच्या ऑइलवर असते. इथे साधे एटीएफ घातले तर पट्टा घसरतो आणि पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे उठतात. पुन्हा योग्य ऑइल भरल्याने ते ओरखडे जात नाहीत.

तिसरा ड्युअल क्लच. यात कोरड्या क्लचचे आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचे असे दोन पोटप्रकार आहेत. फोक्सवॅगनचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि त्यांच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समधले सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरून दिले. उष्ण आणि दमट हवेत, वाहतुकीत सतत थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांमध्ये त्या सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या विद्युत यंत्रणेत बिघाड होण्याचा धोका होता. उष्ण, दमट आणि वाहतूक कोंडी, हे वर्णन मुंबईचेही आहे. ‘महागातले सिंथेटिक घाला, गाडीला बरेच’ असे कुणी सांगितले तर हे प्रकरण आठवावे.

चौथा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे मूळ अर्थाने ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन, ब्रेझा, क्रेटा डिझेल यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या यात येतात. घरी ऑइल बदलण्याचा विचार करायचा तर तो याच प्रकारात. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचमध्ये ऑइलची पातळी ठरवायला अनेकदा कंपनीचा स्कॅनर लागतो, काम झाल्यावर यंत्रणेला नव्याने ‘शिकवावे’ लागते. ते सर्व्हिस सेंटरवर सोडलेलेच बरे.

गाडीचा प्रकार ओळखायचा तर जाहिरात पाहू नका. मालकाच्या माहितीपुस्तिकेत शेवटी ऑइलचे तक्ते असतात. तिथे ट्रान्समिशनपुढे कोणत्या ऑइलचे नाव आहे, ते पाहा.

लाल ऑइल करते तरी काय?

इंजिन ऑइलचे मुख्य काम भागांचे घर्षण कमी करणे. एटीएफला एकाच वेळी उलटसुलट कामे करावी लागतात. बेअरिंग आणि गिअरच्या दातांवर ते निसरडे हवे. त्याच डब्यात बुडालेल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटताना मात्र तेच ऑइल पकड देणारे हवे. शिवाय इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणारे माध्यम तेच, व्हॉल्व्ह हलवणारा दाबही त्याचाच आणि सगळ्यांची उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारेही तेच.

किती घसरायचे आणि किती पकडायचे, हा तोल साधणाऱ्या रसायनांना फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. जनरल मोटर्सने १९६७ मध्ये आणलेल्या पहिल्या डेक्स्रॉन ऑइलमध्ये या कामासाठी चक्क स्पर्म व्हेलचे तेल वापरले जाई. सत्तरच्या दशकात अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि ऑइल कंपन्यांना प्रयोगशाळेत पर्याय शोधावा लागला. गाडीच्या तळाशी लपलेल्या डब्यासाठी देवमासे मारले जात होते, हे आज वाचताना विचित्र वाटते.

लाल रंगाचे म्हणाल तर तो फक्त रंग आहे. गाडीखाली डाग दिसला तर इंजिनातून गळते आहे की गिअरबॉक्समधून, हे कळावे म्हणून तो घालतात. रंगावरून दर्जा कळत नाही आणि सगळी ट्रान्समिशन ऑइले लाल नसतातही.

‘लाइफटाइम’ म्हणजे किती?

ऑइलचा खरा शत्रू किलोमीटर नाही, उष्णता आहे. ढोबळ नियम असा, की तापमान साधारण १० अंशांनी वाढले की ऑइल हवेशी संयोग पावून खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. डी मध्ये ब्रेक दाबून सिग्नलला उभे राहिलात, तरी टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक पंखा फिरत असतो आणि दुसरा अडवलेला असतो. मधले ऑइल घुसळले जाते, तापते. त्या वेळी समोरून वारा नसल्याने कूलरही अर्धवटच काम करतो. खंबाटकी किंवा वरंधा घाटात पूर्ण भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर चढवताना हेच होते.

पुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात, एक सामान्य वापराचा आणि एक खडतर वापराचा. खडतरची व्याख्या वाचून पाहा. सतत थांबत-थांबत चालणे, जास्त तापमान, डोंगराळ रस्ते, धूळ, जड सामान. पुणे, ठाणे किंवा नाशिकमध्ये रोज ऑफिसला जाणारी गाडी यातल्या निदान दोन अटी तरी पूर्ण करते. म्हणजे आपल्याला लागू होणारा रकाना दुसरा. पहिल्या रकान्यात ‘बदलण्याची गरज नाही’ असे असले तरी दुसऱ्यात अनेकदा आकडा सापडतो.

जर्मनीची झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी बडी कंपनी. तिचा आठ गिअरचा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूसह अनेक महागड्या गाड्यांत बसतो. गाडी विकणारे त्यातले ऑइल आयुष्यभराचे आहे असे सांगत आले. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे झाली की ऑइल बदला, असे सांगते आणि त्यासाठी ऑइल-फिल्टरचा तयार संचही विकते. दोघांच्या ‘आयुष्या’च्या व्याख्या वेगळ्या आहेत, एवढाच याचा अर्थ. पहिल्या मालकाच्या हातून गाडी वॉरंटीत सुखरूप बाहेर पडली की विक्रेत्याचे काम संपते. तीच गाडी सेकंडहँड घेणाऱ्याचे तिथून सुरू होते.

पुस्तिकेत आकडाच नसेल, तर आपल्या शहरांतल्या वापरासाठी ६० ते ८० हजार किलोमीटर हा सावध टप्पा धरायला हरकत नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः काहीही उघडू नका.

ऑइल बदलले आणि गिअरबॉक्स गेला, असे खरेच होते?

प्रत्येक गॅरेजमध्ये हा किस्सा ऐकायला मिळतो. दीड लाख किलोमीटर ऑइल बदलले नव्हते, गाडी चालत होती; बदलले आणि महिन्याभरात गिअर घसरायला लागले. म्हणून जुन्या गाडीच्या ऑइलला हात लावू नये, असा निष्कर्ष काढला जातो.

किस्से खोटे नसतात. कारण मात्र वेगळे असते. दीड लाख किलोमीटरपर्यंत ज्याने ऑइल बदलले नाही, तो मालक अचानक का बदलतो? बहुधा गाडीने त्रास द्यायला सुरुवात केलेली असते म्हणून. गिअर पडताना झटका बसतो, रिव्हर्स लागायला वेळ लागतो, इंजिनाचे आरपीएम चढतात पण गाडी तितकी पळत नाही. म्हणजे क्लचच्या चकत्या आधीच झिजलेल्या असतात. नवे ऑइल झिजलेली चकती भरून आणू शकत नाही. जुन्या ऑइलमध्ये तरंगणारी क्लचची पूड थोडीफार पकड देत असते, हा दावाही मेकॅनिक करतात. तो खरा मानला तरी अशा आधारावर चालणारा गिअरबॉक्स फार दिवसांचा सोबती नव्हताच.

खरा धोका मशीनने दाब देऊन केलेल्या फ्लशचा आहे. वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ दाबामुळे सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद वाटांमध्ये अडकू शकतो. म्हणून खूप चाललेल्या गाडीत साधे ‘ड्रेन अँड फिल’, म्हणजे बोल्ट काढून जेवढे आपोआप गळेल तेवढेच काढणे आणि तेवढेच भरणे, हा मार्ग जास्त सुरक्षित. गिअर आधीच घसरत असतील तर ऑइलवर पैसे घालण्याआधी तपासणी करून घ्या.

एक लक्षण मात्र ऑइल बदलल्याने अनेकदा सुधारते. ताशी ५०-६० च्या आसपास, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते, ते. टॉर्क कन्व्हर्टरचा आतला क्लच पकडताना ऑइलमधले फ्रिक्शन मॉडिफायर संपल्याने हे होते.

कोणते ऑइल घ्यायचे?

पुस्तिकेत लिहिलेले. टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाचे एसपी-४, होंडाचे डीडब्ल्यू-१ आणि सीव्हीटीसाठी एचसीएफ-२, निस्सानचे एनएस-३ ही वेगवेगळ्या मानकांची नावे आहेत, नुसत्या ब्रँडची नव्हेत. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ असे लिहिलेल्या डब्यांपासून दूर राहिलेले चांगले, कारण ज्या कंपनीने क्लचची चकती बनवली तिने तिच्या घर्षणाचा हिशेब एका ठरावीक ऑइलवर केलेला असतो. बनावट ऑइलचा बाजारही छोटा नाही. अधिकृत डीलरच्या स्पेअर पार्ट काउंटरवर गाडीचा चासिस नंबर दाखवून घेतलेला सीलबंद डबा थोडा महाग पडेल, पण वादाला जागा राहणार नाही. तिथूनच ड्रेन बोल्टचा नवा वॉशर घ्यायला विसरू नका. तो एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही.

पूर्ण ऑइल निघतच नाही, मग उपयोग काय?

बोल्ट काढला की फक्त खालच्या पॅनमधले ऑइल गळते. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमधले तसेच राहते. समजा, एकूण ऑइल ७ लिटर आहे आणि गळते ३ लिटर. ३ लिटर नवे भरले की आत ४३ टक्के नवे ऑइल झाले. काही दिवस गाडी चालवून पुन्हा तेच केले तर ६७ टक्के. तिसऱ्यांदा ८१ टक्के. तीन वेळांना ९ लिटर ऑइल लागले, तरी शंभर टक्के कधीच होत नाही. आणि तशी गरजही नसते. वेळच्या वेळी एकदा ड्रेन अँड फिल करणाऱ्या गाडीला तेवढे पुरते. बराच काळ दुर्लक्ष झालेल्या गाडीला दोन-तीन फेऱ्या द्याव्यात.

प्रत्यक्ष काम कसे करायचे?

जागा आधी. गाडी चारही बाजूंनी समतल हवी, नाहीतर पातळी चुकते. म्हणून फक्त पुढची बाजू जॅकवर उचलून हे काम नीट होत नाही. ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प किंवा खड्डा तासभर मिळाला तर तोच घ्या. जॅकच वापरायचा तर चार मजबूत जॅक स्टँड लागतील. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यासाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. लोक एक गोष्ट विसरतात: पी मध्ये लॉक होतात ती फक्त इंजिनाची ताकद मिळणारी चाके. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची बाजू उचलली की पी चा काहीही उपयोग राहत नाही, गाडी फक्त मागच्या हँडब्रेकवर आणि चाकांमागे लावलेल्या ओंडक्यांवर उभी असते. चारही चाके हवेत असतील तर इंजिन चालू करून डी टाकल्यावर ती फिरतील, हेही लक्षात असू द्या.

गाडी पाच-दहा मिनिटे चालवून ऑइल कोमट करा, उकळते नको. धावत्या गाडीत ते ८०-९० अंशांपर्यंत जाते आणि शेजारचा सायलेन्सरचा पाइप त्याहून तापलेला असतो.

मग सगळ्यात आधी भरण्याचा बोल्ट सैल करून पाहा, गळतीचा नाही. वर्षानुवर्षे न उघडलेला तो बोल्ट जाम झालेला असेल आणि खालून ऑइल आधीच सोडून दिलेले असेल, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकते.

गळतीचा बोल्ट ओळखताना दोनदा खात्री करा. आडव्या इंजिनाच्या गाड्यांमध्ये इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट शेजारी-शेजारी असतात. चुकून गिअरबॉक्स रिकामा झाला आणि इंजिनात नवे ऑइल भरले गेले, असे जगभर होत असते. काळे इंजिन ऑइल येताना दिसले तर बोल्ट परत लावा आणि पातळी भरेपर्यंत गाडी सुरू करू नका. काही गिअरबॉक्समध्ये बोल्टच्या आत ॲलन चावीने निघणारी छोटी उभी नळी असते. ती काढल्याशिवाय थोडेसेच ऑइल टपकते आणि लोकांना वाटते सगळे निघाले.

निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात जमा करा आणि मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा. सगळ्या कामातला सर्वात उपयोगी आकडा हाच. बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर काळजी नको, झिजेची ती नेहमीची पूड आहे. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर नवे ऑइल भरण्याआधी मेकॅनिकला दाखवा. जळका वास हेही वाईट लक्षण. नुसता तपकिरी रंग मात्र नाही. काही ऑइले लवकरच गडद होतात आणि तरीही ठीक असतात.

चुंबक पुसून, नवा वॉशर घालून बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळा. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते, जोर जास्त झाला तर आटे जातात. मग जेवढे निघाले तेवढेच, लांब नळीच्या नरसाळ्याने किंवा हातपंपाने भरा. इंजिन सुरू करा, ब्रेक घट्ट दाबून पी, आर, एन, डी असे प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबत लिव्हर फिरवा, म्हणजे सगळ्या वाटांमध्ये ऑइल पोहोचेल.

पातळी इतकी महत्त्वाची का?

ऑइल कमी पडले तर चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात. जास्त झाले तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. परिणाम तोच.

ऑइल तापले की फुगते. ७ लिटर ऑइल ३० अंशांवरून ७० अंशांवर गेले की सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. म्हणून पातळी कोणत्या तापमानाला मोजली, ते सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, गरम असताना मोजतात. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उलट आहे: इंजिन गरम करून बंद करायचे आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत पाहायचे.

आजच्या अनेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे इंजिन चालू ठेवून, ऑइल पुस्तिकेतल्या तापमानाला, अनेक गिअरबॉक्समध्ये ४० अंशांच्या आसपास, आले की ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडतात. बारीक धार येऊन थेंबांवर थांबली की पातळी बरोबर. काहीच आले नाही तर अजून भरा. तापमान वाचायला ओबीडी स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडता येणारे स्वस्त स्कॅनर काही गाड्यांत गिअरबॉक्सचे तापमान दाखवतात, काहींत नाही, ते विकत घेण्याआधी तपासा. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला दुपारी हवाच ४० च्या पुढे असते. जास्त तापलेल्या ऑइलवर बोल्ट उघडला तर फुगलेले ऑइल वाहून जाते आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, पहाटे हे काम करा.

नंतरचे दोन-तीन दिवस गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. लाल थेंब दिसला तर बोल्ट पुन्हा तपासा. गिअर पडायला पहिले काही किलोमीटर वेगळे वाटू शकतात. शे-दोनशे किलोमीटरनंतरही झटके कायम असतील तर पातळी चुकली आहे असे समजून आधी तीच तपासा.

जुन्या ऑइलचे काय?

वापरलेले ऑइल २०१६ च्या केंद्राच्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी ऑइल उत्पादक आणि आयातदारांवर टाकण्यात आली आहे. सोसायटीच्या गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यात ते ओतू नका. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच जुने भरा, झाकण घट्ट लावा आणि जिथे ऑइल बदलण्याचे काम नियमित चालते अशा सर्व्हिस सेंटरला द्या; त्यांच्याकडून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारे ते उचलतात. पार्किंगमध्ये सांडले असेल तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून ते शोषून घ्या आणि तो भुसा वेगळ्या पिशवीत बांधून त्याच सर्व्हिस सेंटरला द्या.